सात विरुद्ध दोन

22 जुलै 1908 ची रात्र. मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी निकाल ठरवायला आत गेली. सात युरोपियन, दोन पारशी. खटला त्यांच्या ‘केसरी’ वृत्तपत्रातल्या मराठी लेखांवर, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हतं. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, अनेक दिवस बोलले. ज्यूरी बाहेर आली ती सात विरुद्ध दोन असा कौल घेऊन: दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमत मानलं. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

माझं मन ‘दोषी नाही’ म्हणणाऱ्या त्या दोघांपाशी अडतं. सरकारची मर्जी कुठे आहे, हे न कळण्याइतके ते भोळे नसणार. बंद दाराआड सात जण एका बाजूला असताना ‘मला पटत नाही’ म्हणायला छाती लागते. मला ते दोघे फार मोठे वाटतात.

आज आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाही. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शाळेच्या समितीत, घरातसुद्धा कुणाला तरी दोषी ठरवायची वेळ येते. सगळ्यांचे हात वर जात असतील आणि तुम्हाला पटलं नसेल, तर आज तसं स्पष्ट सांगा.