आधि, व्याधी आणि दोषाचा प्रश्न

मनाला बसलेला घाव शरीरात उतरतो आणि शरीराचे दुखणे मनाला खचवते, ही जाणीव मराठी बोलीत मुरलेली आहे. माणूस धसका घेतो, हाय खातो, गेलेल्या माणसासाठी झुरतो. भीतीने पोटात गोळा येतो, बातमी ऐकून हातपाय गळतात. यातला एकही प्रयोग निव्वळ अलंकार नाही. मनाच्या व्यथेला आधि आणि देहाच्या दुखण्याला व्याधी हे शब्द संस्कृतातून आले, पण रोजच्या बोलण्यात ते पुष्कळदा जोडीने येतात: आधिव्याधी.

महाभारतात हा विचार दोन ठिकाणी स्पष्ट मांडलेला आहे. वनपर्वात, वनवासाला निघालेल्या युधिष्ठिराला शौनक नावाचा विद्वान एक दृष्टान्त देतो. तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा घागरीत टाकला की घागरीला बाहेरून आच न लावताही आतले पाणी तापते. मनातल्या दुःखाने शरीर तसेच तापते. पुढे शांतिपर्वात, युद्ध जिंकूनही आप्तांच्या मरणाने खचलेल्या युधिष्ठिराला भीम सांगतो, की शारीरिक आणि मानसिक या दोन व्याधी एकमेकींतून जन्मतात. एकीला टाळून दुसरी सापडत नाही. युद्धातून वाचलेल्या माणसाच्या मनाची ही अवस्था भीमासारख्या धिप्पाड, देहबळाच्या योद्ध्याने ओळखावी, हे फार महत्त्वाचे आहे.

तत्त्वज्ञानातला खरा पेच त्यापुढचा आहे: मन हे शरीराहून वेगळे असेल, तर एकाचा आघात दुसऱ्याला पोचतो कसा? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने मन आणि शरीर ही दोन पूर्ण भिन्न द्रव्ये मानली. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने 1643 मध्ये पत्र लिहून त्याला नेमका हाच प्रश्न विचारला. तिच्या वडिलांचे राज्य गेलेले होते, घराणे परदेशी आश्रयाला होते. 1645 मध्ये तिला रेंगाळणारा ताप आला, तेव्हा अशा तापाचे नेहमीचे कारण खिन्नता असते, असे देकार्तनेच तिला कळवले. संबंध आहे हे त्याला दिसत होते. तो घडतो कसा, याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आले नाही. सांख्य दर्शनाच्या विचारवंतांपुढे हा पेच या रूपात उभा राहत नाही. त्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार ही देहाप्रमाणे प्रकृतीचीच, म्हणजे मूळ जड तत्त्वाचीच, रूपे आहेत, त्यामुळे एकाची खळबळ दुसऱ्यात जाण्यात नवल नाही. त्यांची अडचण पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, आणि प्रकृती यांच्या संबंधापाशी येते.

मनापासून शरीरापर्यंतच्या वाटेवरचे पुष्कळ टप्पे आधुनिक वैद्यकाने दाखवले आहेत. धोका जाणवताच मेंदूच्या इशाऱ्याने अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, पचन मंदावते. संकट टळले की हे सारे ओसरायला हवे. खोल आघातानंतर ते अनेकदा ओसरत नाही. झोप उडते, साध्या आवाजानेही अंग दचकते. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाचा हृदयविकार वर्णिला. आप्ताच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा फुगतो, छातीत कळ येते, पण रक्तवाहिनीत गुठळी सापडत नाही. उलट दिशाही तितकीच खरी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला गंभीर नैराश्य गाठते, आणि ते आले की पुन्हा जिवाला धोका वाढतो.

हा संबंध एकदा मान्य झाला की त्याचा गैरवापरही सुरू होतो. मनामुळे आजार होत असेल तर मन न आवरणारा रुग्णच दोषी, असा तर्क घराघरांत चालतो. त्याला पूर्वकर्माची जोड मिळाली की दुखणाइताच्या पदरी दुखण्याबरोबर अपराधही येतो. हा तर्क चुकीचा आहे आणि निर्दय आहे. कारण असणे वेगळे, अपराध असणे वेगळे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्यांची माणसे ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्या छातीतल्या धडधडीला त्यांची करणी म्हणता येत नाही. दुसरी चूक ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणण्याची. मनातून उद्भवलेले दुखणेही दुखतेच. ते अंगातच होते, त्याला तपासणी लागते, औषधही लागते.

आयुर्वेदातल्या चरकसंहितेची भूमिका याहून शहाणी आहे. प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धी ढळून घडलेले चुकीचे वर्तन, हे रोगाचे एक कारण चरकाने सांगितले आहे. पण भयाने आणि शोकाने होणारे अतिसार त्याने वेगळे नोंदवले आणि त्यांचा विचार वाताच्या अतिसाराप्रमाणे केला. त्यांच्यासाठी सांगितलेल्या उपचारात वात शमवणारी चिकित्सा आहे आणि तिच्याच शेजारी, एकाच ओळीत, रुग्णाला आनंद देणे आणि धीर देणे आहे.