काठी घेतली म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या महिन्यात आपल्या परिवाराच्या ग्रुपवर बडोद्याच्या एका ताईंनी प्रश्न विचारला होता. गुडघ्यांचा संधिवात सहा वर्षांचा, डॉक्टर म्हणतात काठी घ्या, पण मन धजत नाही. इतकं नामस्मरण करूनही काठी हातात येणार असेल तर माझं कुठे कमी पडलं? खाली भराभर उत्तरं आली. बहुतेकांनी हात जोडून लिहिलं, "श्रद्धा ठेवा ताई, काठी लागणारच नाही." लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण तेच वाक्य उलटं करून वाचा. काठी लागली, म्हणजे श्रद्धा नव्हती! गुडघा तर दुखतोच आहे, त्यावर आणखी हे ओझं. म्हणून ताईंना विचारूनच जरा सविस्तर लिहिते आहे. मला स्वतःला आमवात आहे, चौदा वर्षं झाली, आणि चार वर्षांपासून हातात काठी आहे. तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी श्रद्धेचंच बघू. रमण महर्षींच्या गुडघ्यांना संधिवात होता. त्यांच्या हातात काठी असायची, भक्त त्यांचे गुडघे चोळून देत. पुढे हाताला गाठ झाली आणि 1950 मध्ये त्यांनी देह ठेवला. रामकृष्ण परमहंस 1886 मध्ये गेले ते घशाच्या कर्करोगाने. यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची आपली प्राज्ञा आहे का? शरीर शरीराच्या नियमाने चालतं. माझ्या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ताईंच्या प्रकारात सांध्यातली कुर्चा झिजत जाते. सपाट रस्त्यावर चालतानासुद्धा गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहूनही अधिक. ह्यात नामाचा काय दोष? नाम मला उपयोगी पडतं ते वेगळ्या जागी. पहाटे तीनला दुखण्याने जाग येते, घरातले सगळे झोपलेले असतात, कुणाला उठवावंसं वाटत नाही, त्या वेळेला.

मग लाज कशाची वाटते? आपल्याकडे काठीला मान कमी नाही. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड देतात. टेंबे स्वामींची मूर्ती दंडाशिवाय डोळ्यांपुढे येतच नाही. पाडव्याला आपण दारात काठीच उभारतो. गांधीजी 1930 मध्ये दांडीला निघाले तेव्हा साठी ओलांडलेली होती, हातात बांबूची काठी होती, आणि पुढे सुमारे 385 किलोमीटर चालायचं होतं. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. खरं सांगते, फारसा उपयोग झाला नाही. कारण त्या काठ्या बघितल्या की लोक नमस्कार करतात आणि माझी बघितली की "अरे अरे" करतात.

चष्म्याचं उदाहरण घ्या. नजर अधू झाली की आपण चष्मा लावतो. कुणी म्हणत नाही की डोळ्यांनी हार मानली. उलट चांगली फ्रेम निवडतो, चार जणांना दाखवतो. चष्मा ही डोळ्यांची काठीच की! फरक एवढाच की चष्मा शाळेतल्या मुलालाही असतो आणि काठी म्हटलं की म्हातारपण. बावन्नाव्या वर्षी काठी घेऊन राजवाड्यापाशी उभी राहिले तर रिक्षावाला म्हणाला, "माताजी, आराम से." त्याचं प्रेमच होतं. पण घरी येईपर्यंत ते "माताजी" कानात वाजत होतं.

अष्टावक्राची गोष्ट आपल्याला माहीतच आहे. आठ ठिकाणी वाकडं अंग बघून जनकाच्या सभेतले पंडित हसले, तर तोही हसला आणि म्हणाला, मला वाटलं इथे ज्ञानी असतील, हे तर कातडं पारखणारे निघाले. गोष्ट मला आवडते. तरी एक विचारावंसं वाटतं. आपण सत्संगात "मी देह नाही" म्हणतो. काठी नको म्हणण्यात वैराग्य आहे, की देह जसा पूर्वी दिसत होता तसाच दिसावा हा आग्रह आहे? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण सगळा दोष अहंकारावर टाकणंही मला पटत नाही. लोकांची वागणूक खरंच बदलते हो! लग्नकार्यात मी समोर उभी असते आणि यजमानीण ह्यांना विचारते, "वहिनींना खुर्ची लागेल का?" पाय अधू झाले, तोंड शाबूत आहे, मला विचारा ना. हा सल खरा आहे आणि तो काही जपाने जात नाही. तो समोरच्याने नीट वागल्यानेच जाईल.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते लिहिते. आपल्या बायकांची घरातली जागा हातापायांवर ठरलेली असते. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी आहे." मला त्यापेक्षा मोठं कौतुक माहीत नव्हतं. पंगतीत वाढणारी मी, महाप्रसादाला शंभर पोळ्या लाटणारी मी, कुणाचं बाळंतपण असो की बारसं, पदर खोचून हजर. काठी हातात आली की एक हात कायमचा गुंतला. ताट उचलता येत नाही, चहाचा कप स्वयंपाकघरातून बाहेर आणता येत नाही. सकाळी तर तास-दीड तास बोटंच वळत नाहीत, दुधाची पिशवी सूनबाई कापते. मग मनात येतं, मी आता ह्या घरात आहे कशासाठी? काठीची जी भीती आहे ना, ती माझ्या मते ह्या प्रश्नाची भीती आहे. जी कामाची तीच किमतीची, हे आपण इतकं गिरवलेलं असतं की काम सुटलं की आपणच सुटल्यासारखं वाटतं.

ह्याचं उत्तर मला सापडलंय असं नाही. एवढं मात्र दिसलं की सेवा करायला आपण आयुष्यभर शिकतो, घ्यायला कुणी शिकवत नाही. कुणी हात पुढे केला की "नको नको, जमतं मला" हे आधी तोंडातून येतं. पण मी कधीच घेतली नाही तर समोरचीने सेवा करायची कुणाची? पूर्वी बाहेर जायचं तर सूनबाईचा दंड धरून. तिची वेळ, तिची सोय बघायची. आता शनिवारी काठी घेऊन मी एकटी भाजी आणते, आणि सूनबाई दूध कापते ते मुकाट घेते. दोन्ही एकाच दिवसात होतं.

काही जणींनी मला खासगीत विचारलं ते इथे सांगून टाकते, कारण सगळ्यांच्या मनात असतं. रस्त्यावर टेकलेली काठी पादुकांसमोर न्यायची का? ती चप्पलच झाली ना? मी रबरी बूट ओल्या फडक्याने पुसून आत जाते. पाय धुऊन जातो तसंच ते. काही जणी देवघरासाठी वेगळा बूट ठेवतात, तेही छान. दारात काठी ठेवून भिंत धरत जाऊ नका, पडाल. आणि खुर्चीवर बसलं तर आपण पादुकांपेक्षा उंच होतो, ही टोचणी मलाही आहे. पहिल्या दिवशी आरती संपेपर्यंत मान वर झाली नाही. मग मनात आलं, उंची आसनाची मोजायची की नमस्काराची? साष्टांग होत नाही, हात जोडले जातात. पादुका पाटावर आहेत, मी खुर्चीवर. तरी अजूनही शक्य तेवढी मागच्या रांगेतच बसते. ज्याचं त्याने ठरवावं.

बडोद्याच्या ताई, काठी घेणारच असाल तर दोन गोष्टी. उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ऐकायला उलटं वाटतं, पण चालताना दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडतात आणि भार वाटला जातो. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, कोपर किंचित वाकलेलं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचा रबर झिजला की लगेच बदला, गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर घसरतो. मी आमच्या दवाबाजारातून घेतली, साधी, उंची कमी-जास्त करता येणारी. आणि कुणी सांगितलं म्हणून चालू औषधं मनाने बंद करू नका. दुखणं स्वीकारलं म्हणजे औषध सोडलं असा अर्थ कुठेच नाही.

हे एकदा केलं की झालं असंही नाही. थंडीत सांधे सुजले की मन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. उद्या काठी पुरली नाही, वॉकर आला, तर मी कशी वागेन? आत्ता सांगता येत नाही.

गुरुपौर्णिमेला आमच्या केंद्रात चपलांच्या स्टँडजवळ पाण्याची बादली आणि फडकी ठेवतो आहोत, आणि डाव्या भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग. ज्यांना खुर्ची लागेल त्यांनी आठ दिवस आधी सेवेकऱ्यांना कळवावं. ग्रुपवर नाव टाकायचं नसेल तर मला वेगळा मेसेज करा, मी कुणाला सांगणार नाही.

आपली,
इंदूर केंद्राची एक सेवेकरी भगिनी