बिनकर्जाचे घर

दहावीच्या निरोप समारंभात मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगायची वेळ आली की माझ्यापाशी एक हुकमी उदाहरण असे. ते माझ्याच घराचे. ‘एक पैसाही कर्ज न काढता चौदा वर्षांत मी घर उभे केले’, या वाक्याला टाळी ठरलेली. तीन वर्षांपूर्वी ते वाक्य मी बोलायचे सोडले. का सोडले, ते आज वाचकांपुढे मांडतो.

खानापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार गुंठे जागा. १९९९ साली तीवर जोते घातले. गवंडी मूळचा गोकाककडचा. माझा बेत ऐकून तो हसून म्हणाला, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु, सर!’ म्हणजे आपले ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. सीमेवरच्या दोन भाषांचे भांडण काहीही असो, कर्जाच्या बाबतीत दोन्हीकडच्या आज्यांचे एकमत दिसते.

हळूहळू बांधण्यात सुख आहे, हे मी आजही नाकारणार नाही. जोत्याने एक पावसाळा खाल्ला, भराव नीट बसला. आमच्याकडचा पाऊस कोणत्या अंगाने झोडपतो हे डोळ्यांनी पाहिले आणि नकाशातली पश्चिमेची मोठी खिडकी खोडून टाकली. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होत जातो. त्यामुळे गिलाव्याविना भिंती राहिल्याचे दुःख नव्हते. सिमेंटचे मात्र तसे नाही. पगारातून शिल्लक पडली म्हणून पोती आणून ठेवावीत, तर तीन महिन्यांत त्यांचा जोर उतरतो. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचा लेप द्यावा लागतो, नाहीतर त्या गंजतात. हे सारे मी नुकसान सोसून शिकलो, आणि त्याचाही मला अभिमान होता.

२००१ साली आम्ही पत्र्याखालच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. २००४ मध्ये पुढच्या खोलीच्या स्लॅबला पैसे कमी पडले, तेव्हा सौभाग्यवतींनी चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. पंचवीस हजारांच्या आसपास आले. मुलीच्या खोलीवर मात्र २०१३ पर्यंत पत्राच होता. पावसाळ्यात पत्र्याखाली आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ती पाठांतरासाठी सर ओसरण्याची वाट पाहत बसे. तिची खोली पुरी झाली, भिंतीत पुस्तकांसाठी फडताळही केले, आणि त्याच वर्षी ती शिकायला पुण्याला गेली.

तीन वर्षांपूर्वी तिने तिथे बँकेचे कर्ज काढून घर घेतले. मी माझे नेहमीचे व्याख्यान सुरू केले. नऊ टक्क्यांनी दहा लाख घेतले, तर वीस वर्षांत एकवीस लाख साठ हजारांच्या जवळपास भरावे लागतात, हे गणित तिला कागदावर मांडून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, हप्ते मी भरीन. पण माझ्या मुलीला खोली आत्ता हवी आहे.’ आणि स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, ‘आणि माझ्या पाटल्या?’

त्या रात्री मी दुसरे गणित केले. ते पंचवीस हजार बँकेकडून नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले असते, तर एकूण सुमारे ४५,६०० रुपये फिटले असते. तेवढेच सोने आज घ्यायला चार लाखांहून अधिक लागतात. सर्वांत महाग कर्ज मी घरातच काढले होते; कागद नव्हता, म्हणून त्याला कर्ज म्हटले नाही एवढेच.

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे: ऋषींचे, देवांचे, पितरांचे. वर्गात हे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. बायकोचे आणि मुलीचे ऋण त्या यादीत नाही, याची मला बरीच सोय झाली. ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून आहे, त्याला एकेक चिरा रचत जाण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच्या संयमापुढे मी आजही हात जोडतो. पण माझा पगार दर महिन्याला येत होता. मला पर्याय होता. मला सावकारी हिशेबाची भीती वाटत होती आणि त्या भीतीला मी तत्त्व म्हणत होतो. अंथरूण मी मोजले ते माझ्या पायांनी. दुसऱ्या कोणाचे पाय बारा वर्षे पोटाशी घेतलेले होते, ते पाहिले नाही. पुन्हा आरंभ करायचा झाला तर कर्ज काढीन का? थोडे काढीन, निदान स्लॅबपुरते. मात्र हे लिहितानाही हात अडखळतो, इतकी जुनी सवय.

यंदा दसऱ्याला मी सराफाकडे पाटल्यांचा भाव विचारून आलो. घरी येऊन सांगितले, तर सौ. म्हणाल्या, ‘अहो, आता माझे हात सुजतात, पाटल्या चढायच्या नाहीत. त्यापेक्षा गच्चीवरच्या सळ्यांना लेप द्यायचा राहिलाय, तो पाहा आधी.’