खालच्या तोंडापासून

मृग जवळ आला की आमच्या कशेळ्यात दोन कामांची घाई उडते. एक छपराचं. कौलं परतायची, नाहीतर पत्र्यावर निळं प्लास्टिक ओढायचं. दुसरं घरामागचं गटार उपसायचं. पहिल्या कामाला माणसं हौसेनं वर चढतात, खालून कुणी चहा देतं, दोन विनोद होतात. दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही. मग पहिल्या मोठ्या सरीला परसात पाणी फुगतं, मोरीतून उलटं घरात यायला लागतं, आणि भर पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन सगळे बांबू शोधत फिरतात.

माझ्या लहानपणी गटार नावाची वस्तूच नव्हती. न्हाणीच्या मागं अळवाचा वाफा, त्यापुढं दोन केळी. न्हाणीचं पाणी अळवात जायचं, उरलं तर केळीला. भांडी राखेनं घासलेली, त्यामुळं त्या पाण्यात झाडाला बाधेल असं फारसं काही नसायचं. आमच्या घरचं पाणी आमच्याच हद्दीत जिरायचं. आता त्या दिवसांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पाणी थोडं होतं, कारण आई आणि आत्या दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण चढून यायच्या. इतक्या लांबून आणलेलं पाणी कोण सांडणार? परसात चिखल नव्हता याचं श्रेय आमच्या शहाणपणाला नाही, त्या दोघींच्या मानेला आहे.

मग नळ आला. त्या दिवशी आईच्या तोंडावर जे दिसलं, ते मी विसरणार नाही. नळामागून संडास आला, सिमेंटची मोरी आली, पुढं कपड्यांचं मशीन आलं. पाणी आलं तसं जाणारही होतं, पण येण्याची सोय झाली तेव्हा जाण्याचा विचार कुणी केला नव्हता. साबणाच्या फेसानं अळू सडलं. परसात डास माजले. मग ज्यानं त्यानं कुदळ घेतली आणि आपल्या मोरीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत एक चर मारला. सगळे चर एकाला एक मिळाले आणि त्याचं गटार झालं. आपल्या हद्दीबाहेर पाणी गेलं की आपला संबंध संपला, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

एका श्रावणात आमच्या वरच्या अंगाचं गटार तुंबलं. काय नव्हतं त्यात? सागाची पानं, कोंबडीची पिसं, केसांचे गुंते, खरकटा भात, गुटख्याच्या पुड्या, आणि सगळ्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची पिशवी. पाला एकटा असला तर तो कुजतो, वाहून जातो. पिशवी आडवी बसली की तिच्या पोटात बाकी सगळं साठतं. शेजारच्या दादांनी लांब कळक आणला आणि जोर लावून लावून तो बोळा पुढं ढकलला. भस्सदिशी पाणी सुटलं. आम्ही सगळे खूश. दहा मिनिटांत खालच्या घरच्या काकी ओट्यावरून हाका मारायला लागल्या. बोळा त्यांच्या दारच्या वळणावर जाऊन बसला होता आणि पाणी त्यांच्या चुलीपाशी पोचलं होतं.

दादा म्हणाले, "काकी, आम्ही आमचं गटार साफ केलं. पाणी उतारानं जाणारच ना?"

काकी म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मोकळं झालं नि आमचं भरलं. मंजी साफ कुठं झालं?"

दादांकडं उत्तर नव्हतं. ते काही वाईट माणूस नव्हते. घमेलं घेऊन खाली गेले, काकींच्या दारचं उपसून दिलं. पण जाता जाता म्हणाले, "कायद्यानं बघाल तर मी काही चुकलो नाही." त्यांचं ते वाक्य माझ्या मनात काकींच्या प्रश्नाइतकंच रुतून बसलं.

कायद्यात खरोखरच तसं काही आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो की वरच्या जमिनीवर आपोआप पडणारं किंवा उगवणारं पाणी खालच्या जमिनीत आपसूक वाहत जाऊ देणं खालच्या मालकावर बंधनकारक आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्यात कुणी वाहत्या पाण्याला आडवा बांध घातला तर तो काढून टाकायचा अधिकार मामलेदाराला, म्हणजे आताच्या तहसीलदाराला, दिलेला आहे. आमच्या कर्जत तालुक्यात हे कलम अलीकडं फार आठवावं लागतं. मुंबईचे लोक जागा घेतात, बंगला बांधतात आणि पहिलं काम म्हणजे चारी बाजूंनी चिरेबंदी भिंत. त्या भिंतीखाली जुना ओहोळ गाडला जातो आणि पाऊस आला की वरच्या शेतात तळं होतं.

पण दादांच्या बोलण्यात एक गफलत होती. कायदा बोलतो ते आभाळातून पडणाऱ्या पाण्याबद्दल. पागोळ्यांचं पाणी आभाळाचं. ते माझ्या छपरावर पडलं काय नि तुमच्या पडलं काय, ते खाली जाणार, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. मोरीचं पाणी मात्र मी केलेलं आहे. त्यातला भात माझ्या ताटातला, त्यातले केस माझ्या घरातले. पावसाळ्यात ही दोन्ही पाणी एकाच गटारात एक होतात आणि सगळा घोळ तिथं होतो. मोरीचं पाणी पागोळ्यांच्या पाण्यात लपतं. आपण म्हणतो, काय करणार, पाऊसच एवढा झाला. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीला पूर आला, बदलापूर-कल्याणपर्यंत हाहाकार झाला, तेव्हा कुणीही असं म्हटलं तर ते खरंच होतं. दर श्रावणातल्या साध्या सरीला तेच म्हणायचं, ही पळवाट.

शेतात आम्ही असे वागत नाही, याचं मला नवल वाटतं. भाताच्या खाचरात पाणी जास्त झालं की बांधाचं तोंड फोडावं लागतं. माझे वडील फोडण्याआधी खालच्या खाचरवाल्याला हाळी द्यायचे: "सोडतोय रं!" खालचा हो म्हणाला की मग फावडं. त्याची नुकतीच लावणी झालेली असेल तर थांबायचे, आपल्या आवणाला त्रास झाला तरी थांबायचे. हीच माणसं घराकडं आली की मोरीचं पाणी सोडताना कुणाला विचारत नाहीत. शेतातल्या पाण्याची लाज वाटत नाही म्हणून हाळी देता येते. मोरीच्या पाण्याची लाज वाटते, म्हणून ते गुपचूप सोडायचं.

लाजेवर दुसरा उपाय पैशाचा. "पाचशे रुपये देतो, वाडीवरचा कुणी बोलाव." वाडीवरचा कुणी म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. दुपारी येतो, गुडघाभर काळ्या पाण्यात उतरतो, हातानं बोळा काढतो, दुरून ओंजळीत पाणी घेऊन पितो आणि जातो. मजुरी घेतली, काम केलं, त्यात काय बिघडलं, असं विचारणारे आहेत. मजुरीत काही बिघडलं नाही. पण छपरावर चढायला आपण त्याला बोलावत नाही, ते आपण स्वतः करतो. पैसे देऊन आपण नेमकी कुठली गोष्ट विकत घेतो, तो प्रश्न आहे. २०१३ च्या कायद्यानं माणसाच्या हातून मैला उचलून घेण्यावर आणि साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत उतरवण्यावर बंदी घातली. टाकीतला वायू श्वास घेईपर्यंत माणूस मारतो, तिथं तर कुणालाच उतरवू नये. पण परसातलं उघडं गटार उपसायला कायदा लागतो कशाला? ज्याच्या घरातला भात त्यानं काढावा.

कोकणात हे करून दाखवलेला माणूस होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथं सफाईचं काम जात बघून दिलं जायचं. अप्पांनी ते काम मागितलं, तुरुंगानं नाकारलं, तर त्यांनी अन्न कमी करून झगडा मांडला. येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपास धरला. शिक्षा म्हणून नको, दया म्हणून नको, हक्क म्हणून घाण उपसायचं काम मागणारा माणूस! पुढं कणकवलीला गोपुरी आश्रमात ते आयुष्यभर संडास आणि खत यांचेच प्रयोग करत राहिले. आमच्याकडं त्यांचं नाव माहीत असलेली माणसं बोटावर मोजावीत, आणि मला वाटतं ते सोयीचंही आहे.

काकींच्या प्रश्नानंतर पुढच्या मृगाआधी आमच्या आळीत बैठक झाली. शोषखड्डे करा, असं एकानं सुचवलं. नांदेडकडच्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून डास घालवले, ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. दोघांनी केलेही. पण आमच्याकडं आषाढात जमीनच पाण्यानं फुगलेली असते, खड्डा शोषायच्या ऐवजी ओकायला लागतो. आठ महिने तो चालतो, चार महिने गटाराला पर्याय नाही.

मग गटार कसं उपसायचं, यावर बोलणं आलं. जुन्या गवंडीकाम केलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "खालच्या तोंडापासनं धरा. वरनं धरलं तर चिखल तुमच्याच पायाखाली येतोय." यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. खालचं तोंड मोकळं असेल तरच वरचं पाणी निघतं आणि गाळ कोरडा हाती येतो. वरून सुरुवात केली तर प्रत्येक फावड्याचा गाळ पुढच्या घरासमोर जाऊन बसतो. पण आमच्या गटाराचं खालचं तोंड आहे ते वाडीच्या कडेला, जिथं ते ओहोळाला मिळतं. म्हणजे पाटलाच्या घरचं गटार मोकळं करायचं तर पहिलं फावडं वाडीतल्या घराच्या दारात मारायला हवं. दोघेतिघे तिथंच उठले. "आमच्या दारचं आम्ही बघू," म्हणाले. उरलेले नऊ जण गेलो. काकींचा मुलगा होता, दादा होते. वाडीतली बायका-पोरं आधी बघतच राहिली, मग एकीनं विचारलं, "तुमी हितं कसं?" दादा म्हणाले, "आमचंच आहे ताई हे."

खाली वाकलं की कळतं, कुठलं काय आहे. दुधाच्या पिशव्या वरच्या आळीच्या. वाडीत दूध विकत कोण घेतं? औषधाच्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या, दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या. गाळ सुकवून नारळाला घातला. प्लास्टिकचे सात पोती झाले. ते कुठं न्यायचं यावर अर्धा तास वाद झाला, कारण तिथंच ठेवलं तर पहिल्या पुरात ओहोळात, तिथून पेजेत, पेजेतून उल्हासात. भिवपुरीच्या वीजघराचं पाणी येतं म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहती असते, आणि खाली बदलापूर, कल्याण त्या उल्हासाचंच पाणी शुद्ध करून पितात. आमचं खालचं तोंड म्हणजे त्यांचं वरचं.

शेवटी पोती दादांच्या टेम्पोत चढवली. वाडीतल्या एका पोरानं चढवायला हात लावला, तर दादा त्याला म्हणाले, "तू नको, तुझं काही नाही यात." पोरगं हसलं आणि खिशातली गुटख्याची रिकामी पुडी काढून पोत्यात टाकली.