शिफारसपत्र कोण लिहिणार?

पदवीनंतर एम.एस.साठी अमेरिकेला जाणं सोलापूरला आता नवं राहिलेलं नाही. वालचंदमधून इंजिनिअरिंग, मग जीआरई, मग बँकेचं कर्ज, ही वाट अनेक घरांना पाठ झाली आहे. बारावीनंतर थेट पदवीसाठीच तिकडे जायचं म्हटलं, की मात्र कोणाला विचारावं हेच कळत नाही. मग एखादा एजंट भेटतो. तो पैसे घेऊन ‘प्रोफाइल’ तयार करून देतो. दोन आठवड्यांची समाजसेवा, ऑनलाइन संशोधनाचं प्रमाणपत्र, कुठल्या तरी संस्थेचं अध्यक्षपद असं सगळं त्यात असतं. अशी प्रमाणपत्रं तिथल्या प्रवेश अधिकाऱ्यांसमोर दर हंगामात ढिगानं येतात. त्यांतून मूल दिसत नाही, एवढं त्यांना चांगलं कळतं.

अर्ज भक्कम व्हायचा तर आधी तो काय मागतो ते नीट पाहिलं पाहिजे. अमेरिकेतली शेकडो महाविद्यालयं ‘कॉमन अ‍ॅप’ हा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात साडेसहाशे शब्दांचा एक निबंध असतो आणि वर्गाबाहेर काय केलं ते सांगायला दहा जागा असतात. प्रत्येक जागेत जेमतेम दीडशे अक्षरं मावतात. नववीपासूनचे गुण लागतात. शाळेनं स्वतःची ओळख करून देणारं एक पत्रक जोडायचं असतं. आणि शिक्षकांची शिफारसपत्रं द्यावी लागतात. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नेहमीच्या फेरीची १ जानेवारीच्या. म्हणजे आपली बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधीच सगळं संपलेलं असतं. ज्या टक्क्यांसाठी आपण दोन वर्षं जीव टाकतो, ते अर्जाच्या वेळी हातात नसतातच.

खरी अडचण मला शिफारसपत्रात दिसते. दहावीपर्यंत मूल एका हायस्कूलमध्ये असतं. तिथले सर-बाई त्याला पाचवीपासून ओळखतात. अकरावीला पुष्कळदा कॉलेज बदलतं आणि शिफारस सहसा अकरावी-बारावीच्या शिक्षकांकडून हवी असते. त्यातच ‘इंटिग्रेटेड’ची पद्धत आली. नाव कॉलेजात, बसणं नीट-जेईईच्या क्लासमध्ये. कॉलेजच्या शिक्षकांना त्या मुलाचा चेहरा प्रॅक्टिकलच्या दिवशी दिसतो. क्लासमधले सर त्याला चाचणीतल्या क्रमांकावरून ओळखतात. त्याला प्रश्न कोणते पडतात, चुकल्यावर तो काय करतो, मागच्या बाकावरच्याला समजावून सांगतो का, हे कोणी पाहिलेलंच नसतं. मग पत्रात येतं, ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व आज्ञाधारक आहे.’ असं पत्र कोणाचंही असू शकतं. मुळशीजवळच्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजात किंवा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांत या कामासाठी स्वतंत्र समुपदेशक असतात. सोलापूरच्या मुलाची बुद्धी त्या मुलांपेक्षा कमी नसते. त्याच्याबद्दल नेमकं बोलू शकेल असा माणूस त्याच्यामागे नसतो.

असा माणूस काय करू शकतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव नावाचा मुलगा विल्सन हायस्कूलच्या कृष्णराव केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थीसुद्धा नव्हता. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे घरचे पैसे संपले, तेव्हा त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं ते त्यांनीच. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, कॉलेज पुरं झालं आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीनं डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. केळुसकरांनी त्यांना आधी वाचताना पाहिलं होतं. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मुलानं स्वतः लिहायचं ते काय? आनंदीबाई जोशींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपली तयारी नियमात काटेकोर बसणारी नसेल, हे त्यांनी लपवलं नाही. विरोध सोसून आपण इथवर आलो आणि आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत द्यायची म्हणून आलो, हे सरळ सांगितलं. त्यांना प्रवेश मिळाला.

आता सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणाऱ्या एखाद्या मुलीचा विचार करा. शाळेतून आली की ती आईशेजारी बसते. भिजवलेली तेंदूची पानं मापाला कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, जुड्या मोजायच्या. हजार विड्यांवर मजुरी ठरते आणि कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. आईचा हिशेब तीच ठेवते. दवाखान्यात आजीचं तेलुगू डॉक्टरांना मराठीत तीच सांगते. अर्जातल्या ‘उपक्रम’ या रकान्यापाशी आली की तीच मुलगी म्हणते, ‘मी काहीच केलेलं नाही.’ त्या अर्जात कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम हे उपक्रमांचे रीतसर प्रकार आहेत. तिला हे सांगणारं कोणी नाही, ही गोष्ट मला सलते.

घरची परिस्थिती अर्जात लिहिण्यात एक धोका आहे. गरिबीचं प्रदर्शन मांडून दया मिळवायची, हेही एजंट शिकवतात. ते त्या मुलीच्या आत्मसन्मानाला धरून नाही. खराब विड्यांचं प्रमाण महिनोन्महिने लिहून ठेवून तिनं त्यातून काय ओळखलं, ते महत्त्वाचं. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही. आपल्या गल्लीत पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, शेवटच्या घरापर्यंत पोहोचलं का, याची वही एखाद्या मुलानं वर्षभर ठेवली, तर कोणत्याही विकतच्या संशोधनापेक्षा ती सरस आहे. नान्नजच्या माळरानावरचे पक्षी नोंदणाऱ्यालाही हेच लागू आहे. मात्र हे नववी-दहावीतच सुरू व्हायला हवं. बारावीच्या दिवाळीत वही जन्माला येत नाही.

पैशाचं स्पष्टच बोललं पाहिजे. नामांकित खासगी विद्यापीठांत एका वर्षाचा सगळा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलाचीही ऐपत न पाहता निवड करतात आणि लागेल तेवढी मदत देतात. तिथली स्पर्धा भयंकर आहे. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवडीची शक्यता घटते. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतरच्या पदवीला तिचा आधार नाही. त्यामुळे देशातल्या चांगल्या महाविद्यालयाचा अर्जही सोबत भरलेला असावाच, आणि घर गहाण टाकून अठराव्या वर्षी मुलाला पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरीही सोलापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांना एक काम आत्ता करता येईल. अकरावीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक शिक्षकाकडे दहा-पंधरा मुलं सोपवावीत. महिन्यातून एकदा त्यांच्याशी अभ्यासाखेरीज बोलावं आणि जे दिसलं त्याच्या दोन ओळी तारखेसह लिहून ठेवाव्यात. शाळेची ओळख करून देणारं पत्रक एकदाच तयार करावं: किती मुलं, कोणत्या घरांतली, कोणत्या भाषा बोलणारी, बोर्डात ऐंशी टक्के मिळवणं तिथे किती अवघड. परदेशी न जाणाऱ्या मुलांनाही त्या नोंदी उपयोगी पडतील, कारण पुण्यातली वसतिगृहं आणि शिष्यवृत्ती देणारे ट्रस्टसुद्धा शेवटी हेच विचारतात, की या मुलाला ओळखणारं कोण आहे.