सोनटक्क्याचे पाणी

सोनटक्का हे चिखलात सुखावणारे फूल. हळद-आल्याच्या कुळातला हा कंद मूळचा पूर्व हिमालयाकडील ओलसर प्रदेशातला. जमीन सदैव ओली असावी आणि थोडी सावली असावी, एवढीच त्याची अपेक्षा. श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी त्याच्या पांढऱ्या पाकळ्या उलगडल्या की परसदार सुगंधाने भरून जाते. (तो सुगंध आपल्यासाठी नसून रात्रीच्या पतंगांसाठी असतो, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.) असे फूल लावण्यात नीती-अनीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणी म्हणेल. माळव्यात राहणाऱ्याला मात्र तो टाळता येऊ नये, असे मला वाटते.

इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळू लागले. सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूदहून ते पंपांनी पठारावर चढवून आणावे लागते. हल्ली पाणथळ वाफा करण्याची रीत अशी : दोन फूट खोल खड्डा खणायचा, त्यात जाड प्लास्टिक अंथरायचे, निचऱ्यापुरती त्याला मोजकी भोके पाडायची, वर माती आणि कुजलेले शेणखत भरायचे. पाऊस सरला की नळाची नळी त्यात सोडायची. पाणीपट्टी भरली की पाणी आपले झाले, हा युक्तिवाद शासकीय सेवेत असताना मी असंख्य अर्जांत वाचला आहे. परंतु पाणीपट्टी म्हणजे पाणी उचलून दारी पोहोचविण्याच्या खर्चातला आपला वाटा. तिने नदी विकत घेता येत नाही. उन्हाळ्यात ज्या शहरात काही वस्त्या टँकरची वाट पाहतात, तेथे मुद्दाम चिखल करून राखणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपल्या जुन्या वाड्यांत सोनटक्क्याला वेगळे पाणी सहसा कोणी घालीत नसे. मोरीचे पाणी ज्या चरातून परसात उतरे, त्याच्या काठी अळू, कर्दळ, केळ असे, आणि त्यांच्याच पंगतीला हा. चिखल होणारच होता. तेथे फूल लावले, इतकेच. त्या चरात डासही होत, हे गतकाळाचे गोडवे गाताना विसरू नये. शिवाय त्या पाण्यात शिकेकाई, रिठे आणि राख असे. आजच्या धुण्याच्या पावडरीतील सोडा काळ्या जमिनीचे घट्ट ढेकूळ करून टाकतो, म्हणून धुण्याचे पाणी आता चालत नाही. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी मात्र उत्तम. तेवढ्यात जितका सोनटक्का जगेल, तितकाच लावावा. माळव्याच्या थंडीत त्याची पाने पिवळी पडतात, ती पडू द्यावीत. त्या काळात त्याला पाणीही कमीच लागते.

पाणी कोठून येते याइतकाच कंद कोठे जातात हाही प्रश्न आहे. दोन-तीन वर्षांत वाफा गच्च भरतो आणि जादा कंद उपटावेच लागतात. ते नाल्यात फेकणे सर्वांत सोपे; पण या कंदाचा तुकडाही वाहत जाऊन ओल्या काठाला रुजतो. क्यूबाने १९३६ साली ज्या फुलाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला, तेच फूल ब्राझीलच्या ओढ्यांकाठी स्थानिक झाडोऱ्याला दडपून टाकते, आणि दक्षिण आफ्रिकेत त्याच्या लागवडीवर व विक्रीवर कायद्याने बंदी आहे. आपल्या परसात तो पिढ्यान्‌पिढ्या नांदला, म्हणून आपल्या नाल्यांतही शहाण्यासारखा वागेल असे गृहीत धरता येत नाही. जलपर्णीदेखील या देशात शोभेसाठीच आली होती. जादा कंद मी मागणाऱ्याला देतो. उरलेले चिरून, फरशीवर उन्हात पुरते वाळवून, मगच खतात टाकतो.

वैशाखात मात्र खरी कसोटी लागते. भाज्या धुतलेले पाणी पुरत नाही, पाने कडेने करपू लागतात आणि हात आपसूक नळाकडे जातो. अशा वेळी ती करपू द्यावीत, असे माझे मत आहे. वर पाचोळ्याचे जाड आच्छादन असले तर कंद तग धरतो आणि पावसाबरोबर नवे कोंब येतात. ‘तहानलेलेच ठेवायचे होते तर लावलेत कशाला?’ असा घरातला प्रतिवाद आहे, आणि तोही अगदीच गैरलागू नाही.