पोटातला वैश्वानर

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४.

भगवंत म्हणतात, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच चार प्रकारचं अन्न पचवतो. मग पचवणारा तोच असेल, तर रात्री अकराला अमरावतीच्या गाड्यावर गिला वडा हाणून आडवं झालं तर बिघडलं कुठं?

आपल्याकडे रोडगे करणाऱ्याला विचारा. गोवऱ्या पेटल्या की तो लगेच रोडगे टाकत नाही. जाळ बसू देतो, निखारे होऊ देतो. घाई केली तर वरून कोळसा, आत कच्चं पीठ. शेकणं विस्तवाचं काम. किती, केव्हा टाकायचं हे आपलं. देवानं पचवायचं पत्करलंय, चावायचं नाही! पोटाला दात नसतात, राजेहो. भाकरीचं पचन तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होतं, आणि रील बघत गिळलेल्या घासाला ती धड मिळतच नाही.

बरं, उपाशी राहणं म्हणजेच भक्ती, असंही नाही. अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही, असं सहावा अध्याय स्पष्ट सांगतो. एकादशीला दिवसभर कोरडं राहून रात्री साबुदाण्याची परात संपवणारे आपण तर दोन्ही एकाच दिवशी करतो!

रोडग्याच्या पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. तेवढं थांबणं आज रूमवर, एकट्याच्या डब्यापुढे करून बघा. मोबाइल पालथा, मुखी नाम, मग पहिला घास.